बाळाला अंगावर पाजण्यासाठी घरात सोयीची जागा कशी करावी?

प्रश्न

मी सध्या पस्तिसाव्या आठवड्यात आहे आणि हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. बाहेरच्या खोलीत सासरे दिवसभर असतात, आणि आतल्या खोलीत पलंग व कपाट मांडल्यावर जेमतेम दीड हात वाट उरते. बाळाला पाजण्यासाठी एक ठरलेली जागा आधीच करून ठेवावी असे मनात आहे, कारण बाळ घरी आल्यावर सामान हलवायला वेळही नसेल आणि अंगात ताकदही नसेल, असे ज्यांना विचारले त्या सर्वांनी सांगितले.

माझ्या शंका अशा आहेत. त्यासाठी खास खुर्ची घेणे खरेच गरजेचे आहे, की पलंगावर उशा लावून भागते? अर्धगोल आकाराची जी उशी या कामासाठी मिळते, तिचा उपयोग किती दिवस होतो? रात्री दर वेळी उठून खुर्चीपर्यंत जावे की पलंगावरच पाजावे? बाळ अजून पायाळू असल्यामुळे शस्त्रक्रियेची शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली आहे. तसे झाले तर या मांडणीत काय बदलेल? ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.


प्रतिसाद : दोन मुलांची आई

पहिल्या खेपेला मी नेमकी चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती. आधी पडदे निवडले, मग भिंतीवर चित्रे लावली, आणि शेवटी त्या कोपऱ्यात शोभेल म्हणून एक झुलती खुर्ची आणली. खुर्ची देखणी होती, पण तिचे हात इतके खाली होते की कोपर टेकवण्यासाठी मला एका बाजूला कलावे लागे, आणि बैठक इतकी खोल होती की पाठ टेकवली तर पाय अधांतरी राहत. चौथ्या दिवसापर्यंत माझी मान आणि उजवा खांदा इतका धरला की मी ती खुर्ची कपडे टाकायला दिली आणि जेवणाच्या टेबलाची साधी, ताठ पाठीची खुर्ची ओढून घेतली. दुसऱ्या मुलाच्या वेळी तीच वापरली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पिते, आणि एका वेळेला सरासरी अर्धा तास धरला तरी दिवसाचे चार ते सहा तास आपण त्याच बैठकीत घालवतो. एवढा वेळ कोणी कचेरीतल्या खुर्चीवर बसणार असेल तर तो ती चार वेळा बसून पाहील. आपण मात्र ही खुर्ची रंग पाहून निवडतो.

म्हणून खर्च करण्यापूर्वी घरात आहेत त्या खुर्च्यांवर एक प्रयोग करा. साधारण तीन किलो वजनाची पिशवी एखाद्या चादरीत गुंडाळा, ती छातीशी धरून वीस मिनिटे बसा आणि शरीर कुठे कुरकुरते ते पाहा. पाठ खालपासून वरपर्यंत टेकते का, दोन्ही पावले जमिनीवर सपाट पडतात का, आणि खांदे न उचलता कोपरांना आधार मिळतो का, एवढेच तपासायचे आहे. पावले टेकत नसतील तर पायाखाली ठेंगणे स्टूल घ्या. गुडघे किंचित वर आले की मांडी आपोआप बाळाकडे झुकते आणि कंबरेवरचा ताण उतरतो. शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे: हातांचा आधार न घेता त्या खुर्चीतून उठता येते का? झोपलेले बाळ हातात असताना उठण्यासाठी फक्त पाय उरतात, आणि मऊ, खोल, खाली बसणाऱ्या आसनातून पायांच्या जोरावर उठणे अंगावर टाके असताना जवळजवळ अशक्य असते.

उशीबद्दल सांगायचे तर तिचे काम बाळाला स्तनाच्या उंचीपर्यंत आणणे हे आहे. आपण बाळावर वाकायचे नसते. बाळ आपल्यापर्यंत उचलून आणायचे असते. अर्धगोल उशी माझ्या मैत्रिणीला अगदी चपखल बसली. मी बुटकी असल्यामुळे मला ती इतकी उंच झाली की बाळाचे तोंड जवळजवळ माझ्या हनुवटीखाली येई, त्यामुळे मी घरातल्याच दोन भरीव उशा वापरल्या. दाबल्यावर बसणारी मऊ उशी मात्र कामाची नाही, कारण पाच मिनिटांत बाळ खाली जाते आणि त्याच्यामागे आपणही वाकत जातो. तीन-चार महिन्यांत बाळ इतके वाढते की बहुतेकींना उशी लागतच नाही. तेव्हा शक्य असेल तर विकत घेण्याआधी कोणाची तरी वापरून पाहा.

हाताशी काय ठेवावे याची यादी मी करणार नाही, कारण ती प्रत्येकीची वेगळी असते. नियम मात्र एकच आहे: एकदा बसल्यावर एक हात अडकलेला असतो, आणि तो डावा की उजवा हे त्या वेळी कोणती बाजू पाजायची आहे यावर ठरते. म्हणून माझे सगळे सामान कडीच्या टोपलीत असे आणि बसण्याआधी मी ती मोकळ्या हाताच्या बाजूला सरकवत असे. पाण्याची बाटली एका हाताने उघडेल अशी घ्या. पान्हा फुटतो त्याच क्षणी अनेकींना घसा कोरडा पडल्यासारखी तहान लागते, आणि बाटली पलीकडच्या टेबलावर असेल तर पुढची वीस मिनिटे तिच्याकडे बघत बसावे लागते. चहा किंवा इतर गरम पेय मात्र त्या टेबलावर कधीही ठेवू नका.


प्रतिसाद : स्तनपान मार्गदर्शक

मी प्रसूतीनंतर आयांना स्तनपानासाठी मदत करण्याचे काम करते, त्यामुळे वरच्या प्रतिसादाला काही गोष्टी जोडते.

शस्त्रक्रिया झाली तर पहिल्या दिवसांत दोन पद्धती सोयीच्या पडतात, कारण दोन्हींत बाळाचा भार टाक्यांवर येत नाही. पहिली म्हणजे कुशीवर निजून पाजणे, आणि दुसरी म्हणजे बाळाचे धड आपल्या काखेखालून घेऊन त्याचे पाय पाठीमागे सोडणे. या दुसऱ्या पद्धतीत आईच्या बाजूला मोकळी जागा लागते. दोन्ही बाजूंनी उंच, जवळजवळ असलेले हात असणारी खुर्ची तिथे आड येते आणि बाळाचे पाय तिच्यावर आपटून ते अंग ताठ करते. त्यामुळे तुमच्यासाठी बिनहातांची खुर्ची आणि बाजूला रचलेल्या उशा, किंवा पलंगाच्या कडेशी भिंतीला पाठ टेकून बसणे, हेच अधिक बरे ठरेल. पलंगावर बसताना कंबरेच्या खोलगट भागात एक लहान उशी आणि गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी. पाय नुसते लांब सोडून बसले की दहाव्या मिनिटाला कंबर दुखू लागते. तिसरीही एक पद्धत आहे, ती म्हणजे मागे रेलून, अर्धवट पडल्यासारखे बसून बाळाला छातीवर पालथे घेणे. तिच्यात बाळाचा भार हातांऐवजी आईच्या शरीरावर येतो, म्हणून मनगटे दुखू लागलेल्या आयांना ती फार मानवते. टाके ताजे असताना मात्र बाळाला उभे न धरता छातीवर तिरके किंवा आडवे घ्यावे.

सोयीची जागा म्हणजे चैन, असा सूर कधीकधी घरातल्यांकडून निघतो, म्हणून तिच्यामागचे कारणही सांगते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, त्याने स्तनातील दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या सूक्ष्म पेशी आकुंचन पावतात आणि दूध वाहू लागते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. वेदना, भीती आणि संकोच यांमुळे हे स्रवणे लांबते. दूध स्तनात तयार असते, पण अवघडून बसलेल्या आईला ते उतरायला वेळ लागतो, बाळ चिडते, त्याच्या चिडण्याने आई आणखी ताठ होते आणि शेवटी दूधच कमी आहे असा निष्कर्ष काढला जातो. अशा कित्येक घरांत मी फक्त उशी बदलली आहे किंवा खोलीतली माणसे थोडा वेळ बाहेर पाठवली आहेत.

एक मर्यादाही लक्षात असू द्या. बाळाने तोंड मोठे उघडून फक्त स्तनाग्र न धरता भोवतालचा गडद भागही बराचसा तोंडात घेतला पाहिजे, त्याची हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावीत. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिले, स्तनाग्राला चिरा पडल्या किंवा बाळ सुटल्यावर ते चपटे दिसले, तर दोष बहुतेक वेळा खुर्चीचा नसून पकडीचा असतो. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. तरीही फरक पडला नाही तर जाणकाराला प्रत्यक्ष दाखवावे. असे दुखणे सोसत राहू नये.

आता रात्रीविषयी, आणि येथे मी आग्रहाने लिहिते. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे, कारण बाळ आईचे अंग आणि गादी यांच्या फटीत सरकून त्याचा श्वास कोंडू शकतो. पलंगावर डोळा लागेल म्हणून अनेक आया मुद्दाम उठून सोफ्यावर जाऊन बसतात, आणि तिथेच त्यांना झोप लागते. झोप येण्याची शक्यता वाटत असेल तर सोफ्यापेक्षा पलंग कमी धोक्याचा आहे, मात्र गादी घट्ट असावी आणि उशा, रजया, सैल चादरी बाळापासून दूर काढलेल्या असाव्यात. पाजून झाल्यावर, किंवा मध्येच जाग आल्याबरोबर, बाळाला त्याच्या स्वतःच्या सपाट, घट्ट बिछान्यावर उताणे निजवावे, आणि तो बिछाना पहिले किमान सहा महिने तुमच्याच खोलीत असावा. बाळ दिवसांआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे असेल, घरात कोणी धूम्रपान करत असेल, किंवा आईने मद्य वा गुंगी आणणारे औषध घेतले असेल, तर एकाच अंथरुणावर झोपणे पूर्णपणे टाळावे. ती अर्धगोल उशीही फक्त जागेपणी, पाजण्यापुरती आहे; बाळाला तिच्यात टेकवून झोपू देऊ नये.

तुमच्या दीड हात वाटेत खुर्ची मावणार नसेल तर मावू नये. तिथे बाळाचा बिछाना ठेवा.


प्रतिसाद : एक वडील

पाजण्याच्या कामात माझा वाटा शून्य असल्यामुळे मी जागेकडे लक्ष दिले. रात्री दोन वाजता छताचा पांढरा दिवा लावला की तिघांचीही झोप उडते आणि बाळ खेळायला लागते, हे दुसऱ्याच रात्री कळले. पिवळसर, मंद प्रकाशाचा लहान दिवा गुडघ्याच्या उंचीवर लावला आणि त्याचे बटण तिच्या हाताला येईल असे केले. मार्गदर्शक ताईंनी बाळाची पकड पाहण्याबद्दल लिहिले आहे, तेव्हा पहिल्या आठवड्यांत प्रकाश अगदीच अंधुक असून चालत नाही. मान वळवता येणारा दिवा असेल तर दोन्ही साधते. दिव्याची आणि चार्जरची तार चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नका. मी स्वतः एकदा अडखळलो आहे. सुदैवाने हातात तेव्हा फक्त लंगोट होते.

दारांच्या बिजागऱ्यांना तेल आधीच घाला. आणि ती टोपली दररोज झोपण्यापूर्वी कोणी भरायची, हे आजच ठरवून टाका. ते काम आईचे नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.


प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. पिशवीचा प्रयोग केला. सोफा बाराव्या मिनिटाला बाद झाला, आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची, जिच्याकडे मी आजवर पाहिलेही नव्हते, पाठीमागे एक घट्ट उशी लावल्यावर पूर्ण वीस मिनिटे टिकली. फक्त पाय दोन बोटे अधांतरी राहतात.

पण मोजता मोजता दुसरीच काळजी लागली. ही खुर्ची फक्त बाहेरच्या खोलीत मावते आणि तिथे सासरे असतात. आत पलंगावर बसायचे ठरवले तर दिवसाचे चार ते सहा तास मी दार लावून एकटी असेन. सासूबाई म्हणतात की दूध पाजणे आतच बरे. त्या प्रेमानेच म्हणतात, त्यामुळे काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.


प्रतिसाद : एक आजी

मुली, माझ्या वेळी मला अशीच आतली खोली मिळाली होती. खोली चांगली होती, वारा होता, कोणी त्रास देत नसे. पण सगळे घर बाहेर हसत-बोलत असे आणि मला फक्त आवाज येत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला उगाचच रडू येऊ लागले. पुढे सून बाळंत झाली तेव्हा मी ठरवले की हिला दोन जागा हव्यात आणि कोणत्या वेळी कुठे बसायचे ते तिने ठरवावे.

बाहेरची खुर्ची भिंतीला पाठ आणि खोलीला कूस अशी तिरकी ठेव, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा तुला दिसेल आणि तुझी छाती कोणाच्या समोर येणार नाही. खांद्यावरून एखादे सुती वस्त्र घेतलेस तरी बाळाचे तोंड झाकू नकोस. त्याला हवा लागते आणि तुला ते दिसावे लागते. आमच्याकडे पहिले आठ दिवस सून पाजायला बसली की माझे यजमान खाकरत उठून बाहेर जात. नवव्या दिवशी बाहेर पाऊस होता म्हणून ते खिडकीकडे तोंड करून वाचत बसले, आणि मग तीच रीत पडली. त्यांनाही अवघडल्यासारखेच होत होते, पण विचारणार कोण? तुझ्या सासऱ्यांशी तुझ्या नवऱ्याने एकदा सरळ बोलावे. सासूबाईंना मात्र तू स्वतः सांग की त्यांची सोबत हवी आहे म्हणून तू बाहेर बसणार आहेस.

आतली जागाही मोडू नकोस. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ प्रत्येक आवाजाला मान वळवू लागते आणि बरेचदा स्तनाग्र तोंडात तसेच ठेवून वळवते. त्या दिवसांत तूच आपणहून आत जाशील.


प्रतिसाद : नोकरीवर परतलेली आई

पुढेमागे पंप वापरणार असाल तर ठरवलेल्या जागेजवळ विजेचे बटण आणि पंप सपाट राहील एवढे टेबल आहे का, तेही आताच पाहून ठेवा. मी पहिला महिना पंप मांडीवर ठेवून काढला आणि दोनदा सगळे दूध सांडले. त्याचे दुःख काय असते ते सांगून कळणार नाही.

काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवसांपर्यंत चालते. खोली त्याहून उकाड्याची असेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. गोठवलेले दूध सहा महिन्यांत वापरलेले उत्तम, आणि एकदा फ्रीजमध्ये वितळवले की २४ तासांत संपवावे. फ्रीजच्या दारात बाटल्या ठेवू नका, कारण दार उघडले की तिथले तापमान सर्वांत आधी बदलते. दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. ते असमान तापते आणि बाळाचे तोंड भाजू शकते. हे आकडे निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आहेत. बाळ लवकर जन्मले असेल तर रुग्णालयात सांगतील तेच पाळावे.


प्रतिसाद : स्तनपान मार्गदर्शक

आजींनी लिहिलेल्या एकटेपणाच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. रडू येणे दोन आठवड्यांपलीकडे टिकले, किंवा कशातच मन लागेनासे झाले, तर ते जागेवर किंवा थकव्यावर ढकलून न देता डॉक्टरांना सांगावे.

टोपलीत एक लहान वही आणि पेन्सिल ठेवावी. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले केले तर त्याला दूध पुरते आहे असे सामान्यतः समजता येते, आणि अपुऱ्या झोपेत हा हिशेब डोक्यात राहत नाही. बाळाचा दिवसाचा बिछानाही तुम्ही असाल तिथेच असावा. तोंड उघडून मान फिरवणे, मुठी चोखणे ही भुकेची पहिली खूण असते आणि रडणे ही उशिराची. रडून लालबुंद झालेल्या बाळाला आधी शांत करावे लागते, मगच ते स्तन नीट धरते.


प्रश्नकर्तीचे उत्तर

बाळ फिरले नाही आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. खुर्ची बाहेरच्या खोलीत तिरकी ठेवली आहे, आत बाळाचा बिछाना माझ्या बाजूला लावला आहे आणि टोपलीचे काम नवऱ्याने लेखी मान्य केले आहे. यजमानांनी वडिलांशी बोलण्याआधीच सासऱ्यांनी आपली आरामखुर्ची खिडकीकडे वळवून घेतली होती. सासूबाईंनी त्यांना कधी आणि काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पायाखालच्या दोन बोटांसाठी त्यांनीच जुन्या मासिकांचा एक गठ्ठा सुतळीने घट्ट बांधून दिला आहे, आणि मी बसून पाहिले, तो बरोबर बसतो.